रेन बेटावरची बुडणारी घरटी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचं क्षेत्रफळ 3,44,400 चौरस किलोमीटर आहे. सगळा महाराष्ट्र त्यात मावेल आणि वर जागा उरेल. या पसाऱ्याच्या उत्तर टोकाकडे, प्रवाळांच्या अगदी बाहेरच्या काठावर रेन नावाचं बेट आहे. केर्न्स शहरापासून ते सुमारे 620 किलोमीटर वायव्येला पडतं. बेटाची लांबी किलोमीटरभरही नाही. बाहेरून वाळूची पुळण, तिच्या आत खडकाची ठेंगणी कड आणि मध्ये समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेनं पिढ्यान्‌पिढ्या खतावलेली जमीन. त्या खतासाठी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला इथे खणतीही झाली होती. जहाजांना रीफमधली वाट दिसावी म्हणून 1844 साली कैद्यांकडून बांधून घेतलेला दगडी मनोरा आजही उभा आहे.

जगात हिरव्या समुद्री कासवांचं अंडी घालण्याचं सर्वांत मोठं ठिकाण हे. भर हंगामात एकाच रात्री दहा हजारांहून अधिक माद्या पुळणीवर चढल्याच्या नोंदी आहेत. त्या येतात टोरेस सामुद्रधुनीतून, पापुआ न्यू गिनीकडून, इंडोनेशियाच्या पाण्यातून. म्हणजे या एका पुळणीचं काही बिघडलं, तर त्याचा फटका शेकडो किलोमीटर दूरच्या समुद्रांना बसतो.

बेटाचे परंपरागत धनी वुथाथी आणि मेरियम हे लोक. 2007 साली त्यांच्याशी करार होऊन बेटाला वैज्ञानिक राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पर्यटकांना इथे प्रवेश नाही. ही गोष्ट पुढच्या सगळ्या निर्णयांसाठी महत्त्वाची आहे, कारण या प्रकरणात दोष माणसांच्या वर्दळीवर ढकलून मोकळं होता येत नव्हतं. दरवाजा बंद होता, राखणदार होते, कायदा होता, आणि तरीही घरटी फुकट जात होती.

या लेखात व्यक्तींची नावं घेतलेली नाहीत.

नेमकं काय बिघडलं होतं

कासवं येत होती आणि अंडीही घालत होती, पण त्या मानानं पिल्लं बाहेर पडत नव्हती. चांगल्या पुळणीवर हिरव्या कासवाच्या घरट्यातली ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त अंडी फुटतात. रेनवर हे प्रमाण कित्येक हंगामांत खूपच खाली होतं. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही काळजी कागदावर येऊ लागली.

याला जोडून दुसरी अडचण होती, ती मोठ्या माद्या मरण्याची. मादी रात्री वर चढते, जागा शोधत आत सरकते आणि पहाटे परतताना वाट चुकून खडकाच्या कडेवर येते. कड फार उंच नाही, पण दीडेकशे किलोचं जनावर तिथून पाठीवर पडलं की ते स्वतःहून उलटू शकत नाही. काही माद्या कपारीत अडकून बसतात. सूर्य वर आला की कवचाखालचं शरीर तापत जातं. कासवाला घाम येत नाही आणि सावलीत सरकण्याचीही सोय उरलेली नसते, त्यामुळे शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या जवळ गेलं की खेळ संपतो.

या दोन अडचणींचं वजन सारखं नाही. हिरव्या कासवाला वयात यायला तीसेक वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. हजार पिल्लांतून एखादंच तिथवर पोहोचतं असं धरलं, तर खडकात मेलेली एक मादी म्हणजे हजार पिल्लांचं नुकसान. शिवाय ती पुढच्या हंगामांत घालणार होती ती अंडीही गेली.

अंडी का मरतात

सगळा निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर उभा होता, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

मादी मागच्या वल्ह्यांनी सुरईसारखा खड्डा खणते, त्यात शंभरेक अंडी सोडते आणि वरून वाळू लोटते. अंड्याचं कवच चामड्यासारखं आणि सच्छिद्र असतं. आतला गर्भ वाळूच्या कणांमधल्या हवेतून श्वास घेतो. या पोकळ्यांत पाणी भरलं तर प्राणवायूची ये-जा जवळजवळ थांबते, कारण पाण्यातून प्राणवायू झिरपण्याचा वेग हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. गर्भ जसा वाढतो तशी त्याची गरजही वाढते, आणि ढिगाच्या मधोमध असलेल्या अंड्यांच्या वाट्याला मुळातच कमी हवा येते.

पाणी दोन वाटांनी येतं. एक सगळ्यांना दिसते: उधाणाच्या भरतीला लाट पुळणीवरून आत शिरते. दुसरी दिसत नाही. बेटाच्या पोटातल्या वाळूत पाण्याची पातळी असते आणि भरती चढली की तीही चढते. वरची वाळू कोरडी ठणठणीत असताना दीड-दोन हात खाली घरट्याचा तळ भिजत राहतो. कोकणात समुद्रालगतच्या विहिरीचं पाणी भरतीबरोबर वर येताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रेनची पुळण काळाच्या ओघात बदलली होती. मधले पट्टे खोलगट झाले होते, आणि घरट्याचा तळ ते भूजल यांच्यातलं अंतर कमी झालं होतं. त्यामुळे ‘घरटी बुडतात’ हे निदान पुढे आलं. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिरव्या कासवाची अंडी प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्यात बुडवून पाहिली. एक तास किंवा तीन तास बुडलेल्या अंड्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी मेली. सहा तासांनी मात्र नुकसान तीस टक्क्यांच्या घरात गेलं. एखाद-दुसऱ्या बुडण्यानं पुळणीवरचं सगळं अपयश समजावून सांगता येत नाही, असा याचा सरळ अर्थ. वाळूतली प्राणवायूची कमतरता, उष्णता, कुजणाऱ्या जुन्या अंड्यांनी भरलेली जमीन ही कारणंही तपासावी लागणार होती.

त्यात गर्दीची भर. एका मादीनं घातलेली अंडी दुसरी मादी खणताना उकरून काढते. ओडिशाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या सामूहिक विणीतही हेच घडतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी आणखी एक अडचण येते: कोरडी वाळू खड्ड्याच्या कडांवरून ढासळते आणि मादी अंडी न घालताच परत जाते. मग दुसऱ्या रात्री पुन्हा यायचं, पुन्हा खणायचं. प्रत्येक फेरीला खडकाची कड तिथेच वाट अडवून असते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय हात न लावण्याचा. प्रवाळबेटं वाऱ्या-लाटांनी सरकतच असतात, निसर्गात ढवळाढवळ नको, हे म्हणणं हलक्यानं घेण्यासारखं नाही. पण या कासवांना आसपास एवढ्या मोठ्या तोलाची दुसरी पुळण नाही. जवळच्या मोल्टर के या बेटावर ती अंडी घालतात, मात्र ती जागा रेनचा भार उचलू शकत नाही.

दुसरा पर्याय अंडी हलवण्याचा. मराठी वाचकाला आधी हाच सुचेल, कारण आपल्याकडे तो यशस्वी झाला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडलेची अंडी भरतीरेषेच्या वर, जाळीच्या कुंपणात हलवून जगवली. रेनला ते का चालणार नाही? हिशेब करून पाहू. एका रात्री दहा हजार माद्या वर आल्या आणि त्यांतल्या निम्म्यांनीच अंडी घातली, तरी पाच हजार घरटी आणि पाच लाख अंडी होतात. एका माणसानं रात्रीत वीस घरटी नीट हलवली तर अडीचशे माणसं लागतील, तीही रोज, कित्येक आठवडे, आणि ज्या बेटावर वस्तीच नाही तिथे. वेळेचं बंधनही कडक आहे. अंडी घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, त्यानंतर अंडं फिरलं की गर्भ मरतो. वेळाससारख्या गावात ही पद्धत बसते ती घरटी मोजकी असतात म्हणून.

तिसरा, बाहेरून वाळू आणणं. वाळूच्या कणांचा आकार, रंग, ओल धरण्याची ताकद यांवर घरट्याचं तापमान आणि हवा ठरते. परकी वाळू म्हणजे परकं घरटं, आणि तिच्याबरोबर तण आणि मुंग्या येण्याची भीती.

चौथा पर्याय, बेटावरचीच वाळू सरकवून खोलगट पट्टे उंच करणं. मोठं यंत्र एवढ्या नाजूक बेटावर उतरवायचं या कल्पनेनं कुणालाही धस्स होईल. पण वाळू तिथलीच राहते आणि चुकलंच तर परत सारता येते. या पर्यायाच्या बाजूनं मला सर्वांत वजनदार वाटतं ते हेच.

पाचवा, कडेवर कुंपण. यात वाद घालण्यासारखं फारसं काही नाही.

काम कसं झालं

2014 मध्ये आधी चाचणी झाली. पुळणीचा सुमारे 100 मीटर रुंद आणि 150 मीटर लांब पट्टा उंच करण्यात आला आणि बाकीची पुळण होती तशी ठेवली. या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. सगळी पुळण एका दमात उंच केली असती, तर पुढच्या हंगामात जास्त पिल्लं निघाली ती उंचीमुळे की त्या वर्षीच्या पावसामुळे, हे कधीच कळलं नसतं. शेजारी न हलवलेली वाळू होती म्हणून तुलना करता आली.

मग 2015 ते 2020 असा पाच वर्षांचा प्रकल्प उभा राहिला. खर्च 79.5 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. त्यात क्वीन्सलँड सरकार, ग्रेट बॅरियर रीफ मरीन पार्क ऑथॉरिटी, ग्रेट बॅरियर रीफ फाउंडेशन, बीएचपी ही खाणकंपनी आणि वुथाथी व मेरियम लोक असे सगळे होते. वाळू सरकवण्याचं काम 2017 आणि 2019 मध्ये पुन्हा झालं. तिन्ही वेळा मिळून साधारण 40,000 घनमीटर वाळू हलली. दहा घनमीटरच्या डंपरनं मोजलं तर चार हजार खेपा.

अशा जागी यंत्र चालवणं सोपं नसतं. बार्ज, म्हणजे यंत्रं वाहून नेणारा सपाट तळाचा तराफा, प्रवाळाच्या पठारावरून काठाला लावायचा तर भरतीची वेळ गाठावी लागते. यंत्राच्या पट्ट्यांत, चाकांत, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती आणि बिया आधीच धुऊन काढाव्या लागतात, कारण पक्ष्यांच्या बेटावर एक तण किंवा मुंगीची एक जात शिरली तर ती निस्तरणं वाळू हलवण्यापेक्षा अवघड जातं. कासवांचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यामुळे काम त्याआधी संपायला हवं. पक्षी मात्र वर्षाचे बरेच महिने कुठे ना कुठे घरटी करत असतात, तेव्हा यंत्राचा रस्ताही आखूनच घ्यावा लागतो. उतार ठेवणं हे सर्वांत कसबाचं काम. चढ फार तीव्र झाला तर मादी मागे वळते, आणि पट्टा सपाट झाला तर पाणी साचतं.

कुंपण एकूण 1,750 मीटर लागलं. ते कडेच्या वरच्या अंगाला असतं, म्हणजे मादी पडण्याच्या आधीच अडते आणि बाजूनं वळून वाळूच्या वाटेला लागते. कुंपणाच्या तळाशी फट राहू नये, डोकं किंवा वल्हं अडकेल एवढं अंतर सळ्यांत नसावं आणि पिल्लांची वाट मात्र मोकळी राहावी, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. वाळू सरकते तसा कुंपणाचा पाया उघडा पडतो, म्हणून दर हंगामाआधी फेरी मारणं आलंच.

मोजणीतली चूक

किती माद्या आल्या हे ठाऊक नसेल तर पिल्लं पुरेशी आहेत की नाहीत हे ठरणार कसं? रेनवरची जुनी पद्धत अशी: रात्री पुळणीवरच्या माद्यांच्या कवचावर बिनविषारी पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढायचा, जो काही दिवसांत धुऊन जातो. दुसऱ्या दिवशी होडीतून बेटाभोवती फिरून पट्टा असलेली आणि नसलेली कासवं मोजायची. समजा रात्री 2,000 रंगवली आणि दिवसा पाहिलेल्या दर शंभरांत दहांवर पट्टा दिसला, तर आसपास एकूण 20,000 माद्या आहेत असा हिशेब निघतो.

हिशेब बरोबर आहे, डोळा फसवा आहे. पांढरा पट्टा निळ्या पाण्यात चटकन नजरेत भरतो, साधं कवच सुटतं. त्यामुळे पट्टेवाल्यांचं प्रमाण खोटं वाढतं आणि एकूण आकडा खाली येतो. डिसेंबर 2019 मध्ये ड्रोननं वरून चित्रण करून सावकाश मोजणी झाली, तेव्हा बेटाभोवती सुमारे 64,000 माद्या असल्याचा अंदाज आला. होडीवरून काढलेले जुने आकडे खऱ्याच्या मानानं कमी होते, ते जुळवायला 1.73 नं गुणावं लागतं, हे 2020 साली प्रसिद्ध झालं.

ही बातमी जगभर आनंदाची म्हणून फिरली, आणि ते दृश्य होतंच तसं. पण तिची दुसरी बाजू विसरता येत नाही. माद्या समजत होतो त्याहून जास्त असतील, तर दर मादीमागे निघणारी पिल्लं समजत होतो त्याहून कमी आहेत. अडचण आणखी गंभीर ठरते.

निकाल

उंच केलेल्या पट्ट्यांत जास्त अंडी फुटली. अंडी टिकतील अशी जागा जवळपास दुप्पट झाली, आणि प्रकल्पाच्या काळात जादा निघालेल्या पिल्लांचा अंदाज 6 लाख 40 हजार आहे. कुंपण आणि अडकलेल्या माद्यांची सुटका यांमुळे मोठ्या कासवांचे जीव वाचले.

तरीही उंच वाळूतलं यश चांगल्या पुळणीच्या तोलाला सगळीकडे पोहोचलं नाही. घरटी बुडण्याचं कारण दूर झाल्यावर बाकीची कारणं उघडी पडली: गर्दी, उष्णता, वाळूतली हवा.

शिवाय लिंगाचा प्रश्न आहे. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. सुमारे 29 अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रीफच्या उत्तर भागातल्या पिल्लावस्थेतल्या हिरव्या कासवांत 99 टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. वयात आलेल्या कासवांत हे प्रमाण 87 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे जादा निघालेल्या साडेसहा लाखांच्या आसपास पिल्लांत नर किती, हा प्रश्न पिल्लांच्या संख्येइतकाच मोलाचा आहे, आणि वाळूची उंची त्याचं उत्तर देत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

अशी वेळ दुसऱ्या एखाद्या बेटावर आली, तर कुंपणाला पहिला मान द्यायला हवा. त्याचा परिणाम पहिल्याच रात्रीपासून दिसतो, संशोधनाची वाट पाहावी लागत नाही, आणि वाचणारा प्रत्येक जीव तीस वर्षं जगून आलेला असतो. वाळूच्या आकृतीवर चर्चा चालू राहू दे, कड मात्र आधी बंद करावी.

दुसरं, यंत्र येण्याआधी किमान एक पूर्ण हंगाम घरट्याच्या खोलीवर तीन गोष्टी सतत नोंदवाव्यात: पाण्याची पातळी, तापमान, प्राणवायू. पुळणीच्या पृष्ठभागावरचं तापमान कामाचं नाही. मोजणारी नळी किंवा तापमापक घरट्याच्या तळाला, दोन-अडीच फूट खाली हवा. आणि न फुटलेली अंडी फोडून गर्भ कोणत्या टप्प्यावर मेला ते पाहावं. सगळे सुरुवातीलाच मेले असतील तर शोध एका दिशेनं जातो, शेवटच्या पंधरवड्यात मेले असतील तर दुसऱ्या. हे काम घाणेरडं आणि वेळखाऊ आहे, पण 40,000 घनमीटर वाळू हलवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. कोकणातल्या कासवांच्या कुंपणांतही हीच तपासणी करता येते. वहीत फक्त ‘न फुटलेली अंडी: 30’ असं लिहून पुढे जाऊ नये.

तिसरं, देखभालीचा पैसा पहिल्याच अंदाजपत्रकात असावा. वाळूची आकृती कायमची नसते. वादळ ती बदलतं, आणि हजारो माद्या दर रात्री खणतात तेव्हा वाळू थोडी थोडी उताराकडे ढकलली जाते. ज्यांच्यासाठी पट्टा उंच केला तीच जनावरं तो हळूहळू खाली आणतात.

यशाचं माप कोणतं धरायचं हेही आधी ठरवावं. वर आलेल्या माद्यांचा आकडा या कामाला लागू होत नाही. त्या वर्षावर्षाला खाली-वर होतात, कारण एकच मादी दर वर्षी येत नाही. 2014 च्या चाचणी-पट्ट्यातून निघालेली मादी पिल्लं जगली, तर अंडी घालायला परत येतील ती 2040 च्या दशकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर. तोवर रेनच्या पुळणीवर चढणारी जवळजवळ प्रत्येक मादी यंत्र येण्याआधीच्या वाळूतून निघालेली असेल.